आमरीचं मुद्दल

आज आपण बोलणार आहोत आमरीबद्दल. शहरात जिला ऑर्किड म्हणतात, तीच आपली आमरी.

साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटरवर, सुमारे १२०० मीटर उंचीवर कासचं पठार आहे. जांभ्या दगडाचा सडा आणि वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात धुकं आणि बोचरा वारा. अशा थंड जागी आमरीचं एक मोठं घराणं नांदतं, हबेनारिया. जगात त्याच्या ८०० हून जास्त जाती आहेत. आपल्याकडच्या एका जातीला पाचगणीचं नाव आहे. दुसरीच्या दांडीवर पांढरी फुलं एकाच बाजूला ओळीनं लागतात, म्हणून तिला टूथब्रश आमरी म्हणतात.

पावसाळा सरला की ही आमरी वरून वाळून जाते. पण ती मेलेली नसते, जमिनीत तिचा कंद असतो. पाऊस पडला की त्या कंदातली शिल्लक खर्चून ती पानं-फुलं काढते आणि शेजारी पुढच्या सालासाठी नवा कंद भरते. फुलावर असताना उपटली, तर जुना कंद रिता झालेला आणि नवा पुरता भरलेला नसतो. म्हणजे मुद्दलच गेलं.

बियांचंही तसंच. एका बोंडात हजारो बिया, पण पिठासारख्या बारीक. त्यांच्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतल्या ठरावीक बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात. म्हणून कासची आमरी घरच्या कुंडीत जगत नाही.

हिमालयात थंड कुरणांवर सालमपंजा नावाची आमरी आहे. तिचा कंद हाताच्या पंजासारखा दिसतो. शक्तीच्या औषधासाठी तो इतका खणला गेला, की आता ती दुर्मिळ झाली आहे. उद्या आपल्या गावात कुणी किलोच्या भावानं असे कंद मागायला आला, तर? घरात अडचण असताना रोख पैशाला नाही म्हणणं सोपं नसतं, हे मी जाणते. पण कंद एकदाच विकला जातो.

कासचा हिशेब बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारसा यादीत आलं. फुलांच्या हंगामात आसपासच्या गावांतल्या लोकांना तिथं काम मिळतं. कुणी वाट दाखवतं, कुणी राखण करतं, कुणी जेवण देतं. फूल जागेवर आहे, म्हणून दर साली माणसं येतात.

सांगली जिल्ह्यात, शिराळ्याकडच्या मैत्रिणींनाही एक सांगते. झाडावर वाढणारी सीतेची वेणी बांडगूळ नव्हे. ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेते. म्हणून ती तोडू नका. बांधावरच्या आंब्याची अशी फांदी वाऱ्यानं मोडली, तर वेणी मुळांसकट अलगद सोडवा आणि त्याच झाडाच्या जित्या फांदीला सुतळीनं बांधा. मुळं धरतील.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. कंद विकायचा नाही, फूल उपटायचं नाही, असा ठराव करून वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. बचतीत आपण मुद्दलाला हात लावत नाही, तोच नियम रानालाही लावू या.

रामराम.