पैसा कराचा, माती कोणाची?
(मेळाव्यातील भाषण)



रोजगार हमीचा पैसा येतो कुठून, हे आधी समजून घेऊ. १९७२ चा दुष्काळ आठवा. माणसं खडी फोडायला बसली, गुरं खाटकाकडे गेली. पुढे १९७५ साली सरकारने व्यवसाय कर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या पगारातून तो कापतात आणि हमीसाठी जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपली घालायची, असं ठरलं. १९७७ मध्ये कायदा एकमताने झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला.

शहरवाला हा कर सोसतो तो दयेपोटी नाही. गावात काम नसलं की माणसं फुटपाथवर येतात, हे त्याने पाहिलंय. बागाईतदाराला पाझर तलाव पाहिजे, विहिरीला पाणी पाहिजे. ज्याची त्याची गरज, म्हणून योजना टिकली. आता म्हणतात, "खड्डे खणायचे नि बुजवायचे, पैसा मातीत गेला." अहो, मातीतच जायला पाहिजे! पण कोणाच्या?

आपण बांध मागतो. आपली जमीन उताराची, एका पावसात माती नाल्यात जाते. बांधाचं फळ चार-पाच वर्षांनी दिसेल, चूल मात्र आजच पेटवायची असते. बांधाच्या कामात दोन्ही साधतं. कचेरीत सांगतात, प्लॉट तुमच्या नावावर नाही, बांध मंजूर होणार नाही. आणि त्याच प्लॉटवर रोपांचे खड्डे मंजूर होतात! म्हणजे हमीची मजुरी घेऊन, आपल्याच हातांनी, आपलीच नागली उठवायची. जंगल आपल्यालाही पाहिजे, मोह-हिरडा कोणाला नको? उघडे डोंगर पडलेत, तिथे लावा. आम्ही खड्डे खणतो.

कर देणाऱ्याचं मत पेपरात छापून येतं. आपलं मत अर्जावरच लिहावं लागणार. काम सुरू व्हायला पुरेसे मजूर लागतात. एका पाड्यात भरत नसतील तर तीन पाडे मिळून अर्ज करू. १५ दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता. त्यात मीठमिरची येईल फार तर, पण तो मागितला की काम का नाही दिलं याचा जाब कचेरीला द्यावा लागतो. म्हणून मागायचाच.

अर्जात नुसतं 'काम द्या' लिहू नका. 'प्लॉटांवर बांध' असं लिहा, पाड्याचं नाव घाला. बायांचे अंगठे वेगळे घ्या, नवऱ्याच्या नावाखाली नको. आणि पोच हातात पडल्याशिवाय कोणी कचेरीतून उठायचं नाही.