व्यसनाचे मानसशास्त्र आणि प्राथमिक शिक्षक

(सोयगाव येथील शिक्षक-मेळाव्यातील व्याख्यान)



व्यसनाचे मानसशास्त्र समजून घेण्यासाठी सोयगाव तालुक्यातील शिक्षकास फार दूर जावयास नको. फर्दापूरनजीक वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. त्यांतील १७ क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत डाव्या बाजूस भवचक्राचे चित्र आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील या चित्राचा काही भागच आज शिल्लक आहे. असे चक्र विहाराच्या दाराशी रंगवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा, अशी सूचना प्राचीन बौद्ध ग्रंथांत आढळते. म्हणजे हा त्या काळचा शैक्षणिक तक्ताच होय, आणि तो भिक्षू म्हणजे तक्त्याशेजारी उभा असलेला शिक्षक.

या चक्रामागील कार्यकारणाच्या साखळीस बारा कड्या आहेत. त्यांपैकी लागोपाठच्या चार प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत : स्पर्श, वेदना, तृष्णा आणि उपादान. इंद्रियाचा वस्तूशी संबंध येतो. त्यातून सुखदुःखाची जाणीव होते. जाणिवेतून हाव उपजते. आणि हावेतून ती वस्तू घट्ट धरून ठेवण्याची वृत्ती बळावते. आधुनिक मानसशास्त्र निराळ्या वाटेने, प्रयोगशाळेतून, व्यसनाच्या प्रश्नाकडे आले. तथापि त्यास सापडलेला क्रम याहून फारसा वेगळा नाही.

आपल्याकडील नित्याचे उदाहरण घ्यावे. घरात आई तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करते. लहान मुलगी तिच्याशेजारी बसून तीच मिश्री दातांना लावते. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. तंबाखूतील निकोटीन तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पोचते. तेथे डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ‘हे पुन्हा कर’ अशी नोंद होते. पुढे ही नोंद केवळ पदार्थाशी बांधलेली राहत नाही. १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फळाच्या रसापूर्वी नेहमी एक खूण दाखविली, तर मेंदूतील या पेशी कालांतराने रसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागतात. मिश्रीचा वास, डबीचे झाकण, पुडीचा आवाज या अशाच खुणा होत. दिवसेंदिवस सुख उणावत जाते आणि हाव मात्र वाढत जाते. अखेरीस मनुष्य आनंदासाठी नव्हे, तर अस्वस्थता टळावी म्हणून तंबाखू घेऊ लागतो. यास नुसता हट्ट म्हणणे चुकीचे ठरेल. मेंदूने ही गोष्ट शिकलेली असते. आणि बालवयात शिकलेली गोष्ट विसरणे अधिक कठीण असते, हे शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

आता शाळेत काय घडते ते पाहावे. समजा, सातवीतील एक मुलगा कापूस-वेचणीच्या दिवसांत आईवडिलांबरोबर शेतावर जातो. दुपारी बांधावर मोठी माणसे चुना-तंबाखू मळतात आणि चिमूटभर त्याच्याही हातावर पडते. काही आठवड्यांनी तोच मुलगा वर्गात चुळबुळ करू लागतो, विनाकारण चिडतो, गणितात त्याचे लक्ष लागत नाही. एके दिवशी शेजाऱ्याच्या दप्तरातून पाच रुपये नाहीसे होतात. शिक्षक त्यास सर्वांसमक्ष उभा करतात, चोर म्हणतात, क्वचित हातही उगारतात. शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली आहेच. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरीही हा उपाय उलटाच पडतो. त्या क्षणी मुलाच्या मनावर जो ताण येतो, त्यावरचा त्यास ठाऊक असलेला एकच उतारा त्याच्या खिशात असतो. मधल्या सुट्टीत तो शाळेमागे जातो व पुडी उघडतो.

याहून अधिक हानी ‘निगरगट्ट’, ‘याला काळीजच नाही’ अशा शिक्क्यांनी होते. दुसऱ्याच्या वेदनेची कणव नसणे व स्वतःच्या दुष्कृत्याचा पश्चात्ताप न होणे, ही विकृती जगात आहे. परंतु ती निराळी आणि विरळ आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाचे निदान अठरा वर्षांखालील व्यक्तीविषयी करू नये, असा मनोविकारशास्त्राचा दंडक आहे. तज्ज्ञ जो निवाडा देण्यास कचरतात, तो वर्गात एका वाक्यात दिला जाऊ नये. पुडी लपविणाऱ्या मुलाच्या ठायी लाज अद्याप शिल्लक असते. शिक्षकास हाताशी धरता येईल असे बळ तेच होय.

व्यसन सुटत नाही, हाही एक रूढ समज आहे. १९७१ मध्ये व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची पाहणी ली रॉबिन्स या विदुषीने केली. तेथे असताना सुमारे एकपंचमांश सैनिक अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी फार थोडे पुन्हा व्यसनाधीन झाले. भोवतालच्या खुणा, सोबती आणि ताण बदलले, तेव्हा पकड सैल झाली. महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यास पु. ल. देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले. व्यसनी मनुष्यास गुन्हेगार न मानता मित्र मानावे, हे तेथील सूत्र. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे इतरांना हात देतात, आणि कुटुंबासही उपचारात सामील करून घेतले जाते.

प्राथमिक शाळा उपचारकेंद्र नव्हे. परंतु मुलाचा भोवताल काही अंशी बदलणे तिच्या हाती आहे. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत, तसेच अठरा वर्षांखालील मुलास ते विकता येत नाहीत. ग्रामसभेत हे सांगावे. मुलास एकांतात घेऊन ‘केव्हा लागते? कोणाबरोबर असताना लागते?’ असे शांतपणे विचारावे, आणि त्या वेळेस त्याच्याकडे घंटा देण्याचे, झाडांना पाणी घालण्याचे किंवा खेळाचे काम सोपवावे. पालकसभेत मिश्रीचा विषय मातांचा अपमान न करता काढावा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या व मानसिक आरोग्यासाठी १४४१६ या शासकीय क्रमांकांवर विनामूल्य सल्ला मिळतो. ते फलकावर लिहून ठेवावेत.

शेवटची गोष्ट बोलावयास अवघड, तरीही टाळता येण्याजोगी नाही. मुलास पहिली खूण दिसते ती दरवेळी टपरीवरच असे नाही. मधल्या सुट्टीत तळहातावर फिरणारा गुरुजींचा अंगठाही ती खूण असू शकतो. ज्या शिक्षकास स्वतः तंबाखूची सवय आहे, त्याने या विषयापासून दूर राहावे असे मात्र नाही. उलट तृष्णा कशी असते, हे त्यास अनुभवाने ठाऊक आहे. त्याने सोडण्यास आरंभ करावा आणि वर्गास ते प्रांजळपणे सांगावे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. मध्येच एखादा दिवस मोडला, तर तेही सांगावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा. पडलेला मनुष्य पुन्हा कसा उठतो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या जवळून पाहावयास मिळत नाही. शाळेमागे उभा असलेला तो सातवीचा मुलगा नेमका याच धड्याची वाट पाहत असतो.