माजी विद्यार्थिनी जातात कुठे?

(महाड येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय तुमच्या नेहमीच्या विषयांपुढे जरा फिका वाटेल. मारहाण, पोटगी, रेशन, दारूबंदी यांवर बोलणं सुरू झालं की सभागृह सावरून बसतं. मी बोलणार आहे स्नेहसंमेलन, क्रीडादिन, कारखाना-भेट आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे यांवर. महाड-पोलादपूर भागातल्या एका व्यवसाय-शिक्षण संस्थेत मी हेच काम बघते. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणी विचारतात, "अगं, एम.एस.डब्ल्यू. करून तू रांगोळी स्पर्धा भरवतेस?" हो, भरवते. आणि रांगोळीला कोण बसतं, माईक कुणाच्या हातात असतो, मंडपात वायर कोण ओढतं, हेही बघते.

कार्यक्रम 'भरवणं' ही किरकोळ गोष्ट आहे असं निदान महाडमध्ये तरी कुणी म्हणू नये. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच वर्षी डिसेंबरात परिषद भरली तेव्हा मंडपाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. गावातले व्यापारी सामान विकायला तयार नव्हते, म्हणून धान्य-किराणा बाहेरून आणावा लागला. मंडप, पाणी, चुली, निरोप या सगळ्या व्यवस्थेवर ती परिषद उभी राहिली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. परिषदेला बायका आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र भाषण केलं, त्यात साडी कशी नेसावी इथपासून मुलींना शिकवा इथपर्यंत सगळं होतं. नव्या प्रशिक्षणार्थींना मी पहिल्या महिन्यात तळ्यावर नेते तेव्हा मंडपाची ही गोष्ट मुद्दाम सांगते. फिटर-इलेक्ट्रिशियनच्या मुलामुलींना ती चटकन समजते. जागा कुणी दिली आणि सामान कुणी आणलं, हे प्रश्न त्यांच्या रोजच्या कामातलेच आहेत.

आता आमच्याकडे मुली येतात कुठल्या अभ्यासक्रमाला? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० साली सुरू झाली. महाराष्ट्रात शासकीय संस्थांमध्ये ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात शिवणकाम आणि कॉम्प्युटरच्या तुकड्या मुलींनी भरतात आणि फिटर, वेल्डरच्या राखीव जागा रिकाम्या राहतात. शिवणकामाला नाकं मुरडण्याची आपल्या चळवळीतली सवय मला पटत नाही. ज्या बाईच्या हातात कात्री आहे ती निदान चार पैसे स्वतः मोजते. प्रश्न एवढाच की बिरवाडीला लागून अख्खी औद्योगिक वसाहत उभी आहे, तिथे रसायनांचे कारखाने आहेत, आणि तिथला पगार शिवणयंत्राकडे येत नाही. इलेक्ट्रिशियनला किंवा केमिकल प्लांटच्या ऑपरेटरच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या येतात तेव्हा घरात एक मोठा खटला चालवून आलेल्या असतात.

अशा मुलीला स्नेहसंमेलनात काय काम मिळतं? पाहुण्यांना औक्षण! मुलांकडे आवाज-यंत्रणा, दिवे, मंडप. मुलींकडे रांगोळी, स्वागतगीत, चहा. हे कुणी ठरवत नाही, आपोआप होतं, आणि आपोआप होणारी गोष्टच बदलायला सगळ्यात जड. मी भांडले नाही. कामांच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या अभ्यासक्रमाप्रमाणे वाटल्या: इलेक्ट्रिशियनच्या तुकडीकडे दिवे, मग त्यात मुलगा असो की मुलगी. शिवणकामाच्या मुलींनी पडदे शिवले आणि त्याचं बिल संस्थेला लावलं. एक निदेशक म्हणाले, "मॅडम, मुलगी शिडीवर चढली आणि पडली तर?" मी विचारलं, "मुलगा पडला तर?" ते हसले, पण शिडी त्यांनीच धरली. शेवटी चहाच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या फिटरच्या मुलांना. चहा पातळ झाला होता हे मान्य करायला हवं.

दुसरी गोष्ट वेळेची. पोलादपूरच्या वरच्या अंगाची गावं तुम्हाला माहीत आहेत. एसटी दिवसातून एखाददुसरी, मग वस्तीची गाडी. ती चुकली की मिनिडोर, आणि मिनिडोर मिळेल त्या नाक्यावर तिन्हीसांजेला मुलीने उभं राहायचं. पाहुणे उशिरा आले म्हणून कार्यक्रम दीड तास लांबतो तेव्हा त्याची किंमत वरच्या गावची मुलगी मोजते. पुढच्या वेळी घरचे तिला पाठवतच नाहीत. म्हणून आमच्याकडे नियम आहे: पाहुणे असोत नसोत, साडेतीनला राष्ट्रगीत. एका लोकप्रतिनिधींचं भाषण त्यामुळे राहून गेलं. चालायचंच. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आमच्या हजेरीवर झालेला परिणाम कुठल्याही जाणीव-जागृती शिबिरापेक्षा मोठा आहे, हे मी इथे शिबिरात उभी राहून सांगते आहे!

पण मुलगी संस्थेत असते तोवर हे सगळं सोपं. खरी गाठ पडते ती पुढे. माजी विद्यार्थी मेळावा भरवला की मुलगे मोटारसायकलवरून येतात, एकमेकांच्या पाठीवर थापा मारतात, कुठल्या कंपनीत जागा आहे ते सांगतात. दोन तासांत तीन जणांच्या नोकरीची बोलणी होऊन जातात. मुली येतच नाहीत. सुरुवातीला सगळे म्हणत, "त्यांना आवडच नसते." आवड असायला आधी निमंत्रण पोचावं लागतं.

रजिस्टरमध्ये तिचं नाव, वडिलांचं नाव, वडिलांचं आडनाव. पत्ता माहेरचा. फोन भावाचा. लग्न झालं की आडनाव बदललं, मधलं नाव बदललं, काही घरांत तर पहिलं नावसुद्धा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं लिहिलं. मुलगा तीस वर्षांनीही त्याच नावाने सापडतो. मुलगी सहा महिन्यांत नोंदीतून पुसली जाते. आणि हे फक्त आमच्या मेळाव्यापुरतं नाही. तिचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं. कारखान्याच्या फाटकावर दोन्हींचा मेळ बसत नाही. मग विवाह-नोंदणीचा दाखला आणा, प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हे मी शेवटच्या सत्रात प्रत्येक तुकडीला सांगते. काही मुलींना पहिल्यांदाच कळतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावणं राज्याने सक्तीचं केलं, त्याचा आपल्याला आनंद आहे. पण त्या आईचं स्वतःचं नाव तिच्या प्रमाणपत्रावर टिकतंय का, तेही बघायला हवं.

त्यात २२ जुलै २०२१ चा पूर आला. सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत पहिल्या मजल्याला लागलं आणि त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दुःखापुढे रजिस्टरांचं काय घेऊन बसायचं? पण आमची जुनी रजिस्टरं चिखलात गेली, हेही खरं. मुलग्यांची यादी आठवड्याभरात पुन्हा तयार झाली, एकाने दुसऱ्याला विचारून. मुलींची यादी करायला दोन वर्षं लागली.

ती कशी केली ते सांगते, कारण तुमच्या गटांना उपयोगी पडेल. मी मुलींना शोधलंच नाही, त्यांच्या आयांना शोधलं. अंगणवाडीताई, आशाताई, बचतगटाच्या अध्यक्षा यांना गावातल्या प्रत्येक लेकीचा पत्ता माहीत असतो. "ती नालासोपाऱ्याला दिली", "ती सुरतेला, जावयाचं काम गेलंय", "ती परत आली, पण विचारू नका." एका आईने तर आधी मलाच विचारलं, "नोकरी देताय का तिला? मग सांगते पत्ता." बरोबर होतं तिचं.

पुरानंतरच आणखी एक गोष्ट झाली. घराघरांत वायरिंगमध्ये चिखल, मिक्सर-मोटारी बुडालेल्या. लोक घाईने मेन स्विच टाकत होते, आणि त्यात जीव जाऊ शकतो. मोटार आधी गोड्या पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, मेगरने इन्सुलेशन तपासायचं, मगच वीज द्यायची. आमचे माजी विद्यार्थी गल्ल्यागल्ल्यांत कामाला लागले. त्यांत दोन मुली होत्या, लग्न होऊन घरी बसलेल्या. इथल्या कितीतरी घरांतला पुरुष मुंबईला, घरात सासू-सुना. त्या बायका म्हणायच्या, "पोरीलाच पाठवा, आत माजघरात यायचंय." वर्षानुवर्षं ज्या कौशल्याला 'मुलीचं काम नाही' म्हटलं होतं, त्याला मुलगीच हवी होती. त्यांतली एक आज वायंडिंगचं छोटं दुकान चालवते. दुसरी नाही चालवत. पाणी ओसरलं तशी सासरच्यांची गरजही ओसरली.

मग मेळाव्याची तारीख आणि जागा आम्ही बदलली. पूर्वी जानेवारीत महाडला व्हायचा. कुणी सुचवलं, संक्रांतीला हळदीकुंकवाबरोबर घ्या, बायका येतील. पण त्यात विधवा आणि टाकलेल्या मुलींनी कुठे बसायचं? ते सोडून दिलं. गणपतीत सगळं कोकण घरी येतं, पण बाई सासरच्या चुलीपाशी असते, शिमग्यालाही तेच. बाई स्वतःच्या गावात, आईच्या घरी, जरा मोकळी असते ती मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत. म्हणून मुलींचा मेळावा मे महिन्यात, पोलादपूरला, दुपारी अकरा ते तीन. एका खोलीत साड्यांच्या झोळ्या बांधतो आणि तिथली पाळी फिटरच्या चालू तुकडीतली मुलं करतात. नवरे फाटकाबाहेर आंब्याखाली थांबतात, त्यांना पाणी देतो, आत घेत नाही.

पहिल्या वर्षी आल्या त्या बावरून बसल्या होत्या. ओळख करून देताना "मी अमक्याची मिसेस" म्हणायच्या. मी सांगितलं, रजिस्टरमधलं नाव सांगा आणि तुकडीचं वर्ष. त्यासरशी खोलीचा आवाजच बदलला. एकजण उठून विचारायला लागली, "तू ती लेथवर बोट कापून घेतलेली ना?"

आणि मग निघाल्या त्या खऱ्या गोष्टी. मुलगे मेळाव्यात जागा कुठे आहे ते सांगतात. मुली सांगतात कुठल्या कारखान्यात बायकांना कपडे बदलायला खोली नाही, कुठे संडास दुसऱ्या इमारतीत आहे, कुठे रात्रपाळीला घरापर्यंत गाडी येत नाही, आणि कुठल्या विभागात कोणत्या साहेबाच्या हाताखाली जाऊ नये. ही माहिती कुठल्याही नोकरी-मेळाव्यात मिळत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्री काम करायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ साली दुरुस्ती करून अटींवर ती उठवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतही रात्रपाळीसाठी बाईची संमती आणि सुरक्षेची सोय हवी असं म्हटलं आहे. संमती म्हणजे काय, हे मात्र आमच्या मुलींकडून ऐका. "सही केली नाही तर उद्यापासून येऊ नको, याला संमती म्हणतात मॅडम."

एका मुलीची गोष्ट सांगते, कारखान्याचं नाव घेत नाही. ती शिकाऊ उमेदवार होती. सुपरवायझर त्रास देत होता. तिने तक्रार केली तर उत्तर आलं, ती आमची कामगार नाही, शिकाऊ आहे, तिच्या संस्थेकडे जा. हे साफ खोटं आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत शिकाऊ उमेदवार स्पष्टपणे धरलेला आहे, विद्यावेतन कितीही असो. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती लागते. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही मुलगी मे महिन्यातल्या मेळाव्यात गप्प बसली होती. तिच्याच कारखान्यातून दोन वर्षं आधी बाहेर पडलेली दुसरी मुलगी बोलायला लागली, त्याच माणसाबद्दल. तेव्हा हिने मान वर केली. दोघींनी मिळून अर्ज लिहिला. पण घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, समितीला ती आणखी तीन महिने वाढवता येते, आणि पहिलीची मुदत केव्हाच गेली होती. दुसरीची होती. तिचा अर्ज चालला, तो माणूस त्या विभागातून हलवला गेला. तिचं शिकाऊपण पूर्ण झालं. पहिलीने तो धंदाच सोडला होता, ती आता फॉल-पिको करते. म्हणून आता मेळाव्याची वाट न बघता दर तीन महिन्यांनी प्रत्येक शिकाऊ मुलीला एक माजी विद्यार्थिनी फोन करते. मी नाही, संस्था नाही. तिच्याच अभ्यासक्रमाची, तिच्या आधीच्या तुकडीची मुलगी. मुदत डोक्यात ठेवूनच हे तीन महिने ठरवले आहेत.

आता तुमच्याकडे माझं काम आहे. कायद्याप्रमाणे प्रत्येक अंतर्गत समितीत एक बाहेरची सदस्य लागते, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली. या भागातल्या कारखान्यांना विचारलं की ते म्हणतात, "अशी बाई मिळत नाही." त्यामुळे मालकाच्या ओळखीची कुणी तरी कागदावर असते. आपल्यापैकी ज्यांची तयारी आहे त्यांनी जाण्यापूर्वी माझ्याकडे नाव, गाव आणि फोन लिहून द्यावा, स्वतःचा फोन, घरातल्या दुसऱ्या कुणाचा नको. ही यादी मी कारखान्यांना आणि जिल्हा कार्यालयाला देणार आहे. आणि येत्या मे महिन्यात झोळ्यांसाठी जुन्या सुती साड्या लागतील, नायलॉनच्या आणू नका, गाठ सुटते.