गोणीची नोंद आहे, माणसाची कुठे?



बांधकाम परिषद म्हटली की शहरातले वातानुकूलित हॉटेल ठरलेले. आम्ही ती पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीत ओढून आणली, त्याला कारण आहे. 1975मध्ये अण्णा हजारे गावी परतले आणि सुरुवात केली ती बांधकामानेच, यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने. पुढे श्रमदानाची जोड देत गावाने नालाबांध, पाझर तलाव, समतल चर उभे केले. वर्षाला जेमतेम 400-500 मिलिमीटर पावसाच्या या शिवारात कामाची परीक्षा एकच होती : पाणी थांबले का?

आजचा विषयही मी त्याच परीक्षेला बसवतो. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के. म्हणून औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेले पीपीसी सिमेंट वापरा, असे तज्ज्ञ सांगतात. बरोबरच आहे. पण भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारायचे, राखेच्या सिमेंटला किमान 10. वरच्या तीन दिवसांचे पाणी उन्हाळ्यात टँकरने आणावे लागले, तर ते काम हरित म्हणायचे का? उत्तर साधे आहे, पण साइटवर पाळले जात नाही. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवतात, ते ठीक. हाल होतात कॉलमचे. बादलीने फेकलेले पाणी क्षणात पायाशी येते. गोणपाट गुंडाळून सुतळीने आवळले, तर थोडक्या पाण्यात ओल टिकते. आता काँक्रीटच्या पोटात सेन्सर ठेवून त्याची ताकद मोबाइलवर बघता येते. अवश्य बघा. मात्र गोणपाट वाळल्याचे जिला सर्वांत आधी कळते, त्या पाणी मारणाऱ्या बाईच्या हातीही तो मोबाइल द्या.

आता हजेरीचे. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी फोटोसह मोबाइलवर लागू लागली. खासगी साइटवरच्या गवंड्याला मात्र बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालायचे, तर आधीच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज सुप्याला, महिन्याने शिरूरला, दिवाळीनंतर चाकणला. दाखला मागायचा कोणाकडे? अर्ज ऑनलाइन झाला, दाखल्याची पायपीट राहिलीच. आराखडा थ्रीडीत, मोजणी ड्रोनने, सिमेंटच्या गोणी-गोणीचा हिशेब संगणकात, आणि गोणी उचलणाऱ्याचे दिवस मुकादमाच्या खिशातल्या डायरीत! त्याची हजेरी त्याच्याच मोबाइलवर जमा व्हावी, 90 दिवस भरले की दाखला आपोआप निघावा. यात अवघड तंत्र काही नाही. अडचण वेगळी आहे : हजेरी पक्की झाली की किमान वेतन, विमा, अपघाताची भरपाई सगळेच पक्के होते, आणि ते काहींना परवडत नाही. ठेकेदार मित्रांनो, पाहुणे आहात, तरी हे बोललो.

पहिले सत्र गवंडी आणि मजूर भगिनींचे आहे. पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. तिथे बसलेल्या साहेबांनी कृपया मागे सरकावे.