पाठीचा कणा आणि उतारवयातील चाल
(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे; वाचन व जाणकारांशी झालेली चर्चा एवढेच माझे भांडवल. आपल्या या नगरीची रचना करताना ल कार्बूझ्ये यांनी 'मॉड्युलर' नावाचे मान वापरले. त्यातील पुरुष १.८३ मीटर उंचीचा, ताठ उभा आहे. सुखना तलावाच्या बांधावरील वृद्ध मंडळी पाहिली, म्हणजे मात्र माणसाचे माप वयोमानाप्रमाणे बदलते हे ध्यानी येते.

पाठीचा कणा मुळात सरळ नसतोच. मान व कंबर येथे तो आत, तर पाठीत बाहेर वळलेला असतो. या वळणांमुळेच शरीराचा भार पावलांवर नेमका तोलला जातो. उतारवयात मणक्यांमधील गाद्यांतील पाण्याचा अंश घटतो, हाडे ठिसूळ होतात, पाठीचे स्नायू क्षीण होतात. कधी एखादा मणका नकळत पुढल्या बाजूने खचतो. मग पोक येते आणि तोल पुढे जातो. तो सावरण्यासाठी गुडघे वाकतात, पावले आखूड पडतात. पडण्याच्या भीतीने माणूस घरी बसतो आणि बसल्याने स्नायू अधिकच दुबळे होतात.

औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. हा वारसा आपला. परंतु तो डोळसपणे चालवावा. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९८४ मध्ये ठिसूळ हाडांच्या ५९ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांचे मणके पुन्हा खचले. पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. गट लहान होते, तरी इशारा स्पष्ट आहे. हाडे ठिसूळ असणाऱ्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

उपाय साधे आहेत. भिंतीला टाचा व पाठ टेकून उभे राहावे आणि डोके सहज टेकते का ते पाहावे. झेपेल त्याने हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठण्याचा सराव करावा. काठीची लाज बाळगू नये. उंची चार सेंटिमीटरांहून अधिक घटली असेल, तर तपासणी करून घ्यावी. १९६२ पासून आपल्या गावात पी.जी.आय. सारखी संस्था आहे.

आपले आईवडील गाव सोडून येथे राहावयास येतात. तेथे देऊळ, बाजार, शेजार या निमित्तांनी त्यांचे पाय चालते होते. येथे भाषा परकी, हिवाळा कडक. बोलावयास कोणी नाही म्हणून बाहेर पडणे नाही. आपण त्यांना मऊ खुर्ची देतो आणि कर्तव्य झाले असे मानतो. त्यांना खुर्चीपेक्षा सोबतीची गरज अधिक आहे. १९५८ मध्ये बांधलेल्या सुखनाच्या बांधावर मोटारींना मज्जाव आहे. दर रविवारी ऊन वर आल्यावर मंडळाने तेथे ज्येष्ठांचा मराठी फेरफटका सुरू करावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. गप्पांच्या ओघात अर्धा मैल कसा सरला, हे त्यांना कळणारही नाही.