मुलांचा शोध आणि संगणक

सूस या गांवाचा कारभार ग्रामपंचायत पाहते, असें एका ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. दुसऱ्या ठिकाणीं तेंच गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत असल्याचें वाचावयास मिळतें. चौथींतील एखाद्या मुलानें संगणकावर हीं दोन्ही विधानें पाहिलीं, तर त्यानें खरें कोणतें मानावें?

बहुतेक मुलें जें प्रथम दिसेल तें वहींत उतरवून घेतात. अक्षर सुबक असतें, शेजारीं छापील चित्र चिकटविलेलें असतें, आणि वडील मंडळी संतुष्ट होतात. या कामीं मुलाच्या हाताखेरीज दुसरें कांहींच चाललेलें नसतें, हें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

वरील दोन्ही लेखकांनीं मात्र खोटें लिहिलेलें नाहीं. मुळशी तालुक्यांतील सूस येथें पूर्वीं ग्रामपंचायत होती. २०२१ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस जीं २३ गांवें महानगरपालिकेंत समाविष्ट झालीं, त्यांत सूस होतें. म्हणजे एक मजकूर जुना, दुसरा नवा. छापील पुस्तक जुनें झालें म्हणजे त्याचा पिवळा कागदच वाचणाऱ्यास सावध करतो. पडद्यावर मात्र पंधरा वर्षांपूर्वींचें पान आणि कालचें पान सारखींच लखलखीत दिसतात. म्हणून मुलास दोन प्रश्न विचारावयाची संवय लाविली पाहिजे: हें कोणीं लिहिलें, आणि केव्हां लिहिलें?

बोटांचें शिक्षण त्या मानानें सोपें. इन्स्क्रिप्ट पद्धतींत स्वर डाव्या हातास व व्यंजनें बहुतांशीं उजव्या हातास येतात. बाराखडी पक्की असलेल्या मुलास ती रचना चटकन् उमगते. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यासही येथें त्याचें प्रयोजन कळतें, कारण 'सूस' लिहितांना उकार चुकला तर हवें तें पान कधीं कधीं हातीं लागत नाहीं.

साधनें पुरविण्याचे प्रयत्न महाराष्ट्रांत झालेले आहेत. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील कर्जत तालुक्यांत, एका धनगरवाड्यावरील शाळेंत, पहिली ते चौथीच्या मुलांच्या हातीं छोटे संगणक देण्यांत आले. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोडची जोड दिली. २०२० सालीं त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. ही सोय मोठीच आहे. परंतु त्या चौकोनी खुणेनें मूल नेमून दिलेल्या ठिकाणीं पोंचतें. वाट न नेमलेल्या ठिकाणीं शोध कसा घ्यावा, हें त्यास निराळें शिकवावें लागतें.

त्यासाठीं मराठी विश्वकोशासारखें साधन घरबसल्या उपलब्ध आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आतां तो संगणकावरही वाचतां येतो. मुलानें त्यांतील एक लहान नोंद वाचावी, पडदा मिटावा, आणि आठवेल तें स्वतःच्या चार-पांच वाक्यांत लिहावें. अडलें तर पुन्हां उघडून पाहावें. पाहून लिहूं नये. हल्लीं विचारतांक्षणीं उत्तर रचून देणारीं यंत्रेंही आलीं आहेत. त्यांचें उत्तर सफाईदार असतें आणि तरीही चुकीचें असूं शकतें. तेव्हां तेंही मूळ लेखनाशीं ताडून पाहिलेलें बरें.

सूसच्या मुलास तर आणखी एक साधन अगदीं दाराशीं आहे. ग्रामपंचायतीच्या काळीं पाणी कोठून येई, शेतें कोठवर होतीं, हें आजीस विचारावें. तिचें सांगणें वहींत लिहितांना शेजारीं तिचें नांव आणि विचारल्याची तारीखही घालावी.