काढा आणि कसोटी



वनौषधींविषयी आपल्याकडे दोन पक्ष ठरलेले आहेत. एक म्हणतो, ग्रंथात आहे म्हणजे गुण आहेच. दुसरा म्हणतो, ग्रंथात आहे म्हणूनच सोडून द्या. आम्हांस दोघांशीही भांडावयाचे आहे.

दुसऱ्या पक्षासाठी चीनमधली हकीकत पुरे. हिवतापाचा जंतू हा एकपेशीय प्राणी. नेहमीच्या औषधांना तो जुमानेनासा झाला, तेव्हा १९६७ साली चीनने नव्या औषधाचा शोध हाती घेतला. तू यूयू या विदुषींच्या मंडळींनी जुने ग्रंथ चाळले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क काढले आणि हिवताप जडवलेल्या उंदरांना ते देऊन पाहिले. छिंगहाव या, आपल्या दवण्याच्या कुळातल्या झुडपाने प्रथम आशा दाखवली. पुन्हा पाहावे तो गुण नाही! पुष्कळांनी येथेच वही मिटली असती.

बाईंनी ग्रंथ पुन्हा उघडला. चौथ्या शतकातला गे होंग लिहितो, मूठभर झुडूप पाण्यात भिजवावे, पिळावे आणि रस प्यावा. उकळा, असे तो म्हणतच नाही. मग उष्णतेनेच तर गुण जात नसेल? त्यांनी ईथर घेतले. ते ३५ अंशांच्या आसपासच उकळते. अर्कातला विषारी आम्ल भाग वेगळा काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ व्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले जंतू साफ नाहीसे केले. रोग्यांना देण्यापूर्वी, १९७२ मध्ये, बाईंनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या शार्ङ्गधरानेही काढ्याखेरीज स्वरस, कल्क, हिम, फांट असे प्रकार सांगितलेच आहेत. हिम तर रात्रभर थंड पाण्यात भिजवून करावयाचा. आम्ही मात्र सरसकट पातेले चुलीवर ठेवतो. उकळून नापास झालेली वनस्पती काढा म्हणून नापास झाली, एवढेच सिद्ध होते.

आता पहिला पक्ष. काचेच्या नळीत अमीबा मारणे अवघड नाही. साबणाचे पाणीही मारते. तोच अर्क माणसाच्या पेशींचे काय करतो, हे सोबतच पाहावे लागते. आपल्या कुड्याच्या सालीतले कोनेसीन आमांशाच्या अमीबाला मारते खरे, पण मज्जासंस्थेवरील दुष्परिणामांमुळे ते मागे पडले. आणि छिंगहावचा घरगुती चहा? त्यात औषधाचा अंश किती उतरेल याचा नेम नाही, आणि अर्धवट मात्रेने जंतू निगरगट्ट होण्याचे भय असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करीत नाही. साध्या हिवतापात शुद्ध औषध देतात तेही एकटे नव्हे, दुसऱ्या औषधाच्या जोडीनेच.